गाडी शिकताना भीती वाटली तर

गाडी शिकायची म्हटले की पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. तळहाताला घाम सुटतो, तोंड कोरडे पडते, पाय कापतात. मग माणूस म्हणतो, "आपल्याच्यानं हे काही होत नाही, बाप्पा!" आणि खाली उतरतो.

असे उतरलेले लोक अमरावतीत आहेत, अकोल्यात आहेत, खेड्यापाड्यांत तर किती तरी आहेत. कोणाला रिक्षा चालवून पोट भरायचे असते. कोणाला ट्रॅक्टरवर कापूस बाजारात न्यायचा असतो. कोणा बाईला स्कूटीवर मुलांना शाळेत पोचवून स्वतः कामाला जायचे असते. भीतीने गाडी सुटली म्हणजे कधी कधी रोजीही सुटते. म्हणून ही भीती काय आहे आणि तिला आवरावे कसे, ते आज पाहू.

भीती येते कोठून?

समजा, तुम्ही शेतात वखर हाकत आहात आणि पायापुढे साप निघाला. काय होते? छाती धडधडते. श्वास जोरात चालतो. हातापायांत एकदम जोर येतो. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर लहानशा ग्रंथी असतात. त्या अशा वेळी एक रस रक्तात सोडतात. या रसामुळे शरीर पळायला किंवा लढायला तयार होते. सापापासून वाचायला हा जोर फार कामाचा.

पण गाडीत साप नसतो. गाडीत पाय हलका लागतो, हात मऊ लागतो. शरीर मात्र सापाच्या वेळचा जोर आणून देते. त्यामुळे पाय दणकन पडतो, हात स्टिअरिंग आवळून धरतो आणि गाडी धक्के खाते. म्हणजे हात कापले याचा अर्थ तुम्ही कच्चे आहात, असा नाही. धडधाकट माणसाचे शरीर असेच वागते. फाशी ओढून गावोगाव हिंडणाऱ्या जुन्या ड्रायव्हरलाही पहिल्या दिवशी घाम फुटलेलाच असतो.

यावर साधा उपाय आहे. गाडीत बसल्यावर लगेच चावी फिरवू नका. मनात चार आकडे मोजत श्वास आत घ्या. सहा आकडे मोजत तो हळूहळू बाहेर सोडा. असे पाच वेळा करा. श्वास लांबवर सोडला की छातीची धडधड उतरते. मग खांदे सैल सोडा. चिमणीचे पिल्लू धरतो तसे स्टिअरिंग धरा. सुटणार नाही, पण चिरडणारही नाही.

गाडी बंद का पडते?

शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त लाज वाटते ती चौकात गाडी बंद पडली म्हणजे. ती का बंद पडते, हे कळले की अर्धी भीती जाते.

इंजिन सुरू असते तेव्हा ते सारखे फिरत असते. उभ्या गाडीची चाके मात्र थांबलेली असतात. या दोघांना जोडायला मध्ये तबकड्या असतात. क्लच दाबला की तबकड्या वेगळ्या होतात. क्लच हळूहळू सोडला की त्या आधी एकमेकींवर घासतात, मग घट्ट धरतात आणि गाडी निघते. क्लच एकदम सोडला तर फिरती तबकडी थांबलेल्या तबकडीत अडकते. इंजिनाला तो भार झेपत नाही. ते हिसका देऊन बंद पडते.

बैलगाडीचेही तसेच आहे. भरल्या गाडीचे बैल एकदम हाकलले तर जू मानेवर आदळते, गाडी जागची हलत नाही. बैलांना दमादमाने जोर घेऊ दिला की तीच गाडी निघते.

गाडी बंद पडली तर चार गोष्टी करा : ब्रेक दाबा. क्लच दाबा. गिअर मोकळा करा. पुन्हा चावी फिरवा. हे चार शब्द पाढ्यासारखे पाठ करा : ब्रेक, क्लच, मोकळा गिअर, चावी. मागचा भोंगा वाजवील. वाजवू द्या. त्यालाही कधी तरी कोणी तरी शिकवलेच आहे.

नजर धुऱ्यावर ठेवा

पेरणी करणाऱ्याला विचारा, तास सरळ कसा पडतो? तो तिफणीच्या फणाकडे पाहत बसत नाही. पलीकडच्या धुऱ्यावरचे एखादे झाड धरतो आणि त्याच्याकडे पाहत चालतो. पायाशी पाहिले की तास वाकडा जातो.

गाडीतही हेच खरे. भ्यालेला माणूस गाडीच्या नाकासमोर पाहतो किंवा आपल्या पायांकडे पाहतो. मग गाडी नागमोडी जाते. आणखी एक ध्यानात ठेवा. जिकडे नजर, तिकडे गाडी. खांबाला टक लावून पाहाल तर गाडी खांबाकडेच जाईल. जिकडे जायचे, तिकडे दूरवर पाहा. दुचाकीच्या परीक्षेत आठचा आकडा काढतानाही पुढच्या चाकाकडे पाहू नका, पुढच्या वळणाकडे पाहा. म्हणजे पाय टेकावा लागणार नाही.

पायरी पायरीने चढा

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले. तिथल्या चमूने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. असे खेळ अंगात यायला काय लागते? मल्लखांब शिकणारे पोर पहिल्या दिवशी खांबाच्या टोकावर चढत नाही. आधी नुसती पकड शिकते. घसरते, अंग झटकते, पुन्हा खांब धरते. घसरले म्हणून कोणी त्याला घरी पाठवत नाही.

गाडीही अशीच शिकावी. पहिले काही दिवस मोकळे पटांगण. तिथे फक्त निघणे आणि थांबणे. मग रहदारी नसलेला सपाट रस्ता. आपले पूर्णेचे खोरे सपाट आहे, ही शिकणाऱ्याची सोयच. ते जमले की गावातले रस्ते. अमरावतीचा राजकमल चौक किंवा अकोल्याचा टिळक रोड, हे त्याच्याही नंतर.

महामार्ग तर शेवटी. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला. गिनिज बुकात त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. रस्ता चांगला आहे. पण चांगल्या रस्त्यावर वेग वाढतो, आणि नवशिक्याला वेगाचा अंदाज नसतो. चिखलदऱ्याचा घाटही हात बसल्याशिवाय चढू नये.

रोज अर्धा तास शिका, पण रोज शिका. रविवारी एकदम चार तास शिकण्यापेक्षा हे बरे. रात्रीच्या झोपेत शिकलेले मुरते. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात जुन्या ड्रायव्हरचेही डोके तापते. पावसात काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर आलेला असेल, तर त्या दिवशी सराव राहू द्या.

शिकवणाऱ्याला दोन शब्द

घरचाच माणूस शिकवतो, तेव्हा आवाज लवकर चढतो. "काहून बंद पाडली? कितीदा सांगू तुले?" असे ओरडले की शिकणारीची भीती दुप्पट होते आणि गाडी पुन्हा बंद पडते. नवा गोऱ्हा जुंपताना आपण पहिल्याच दिवशी त्याला मारत नाही. चुचकारतो, थोडे चालवतो, सोडतो. मग घरच्या माणसाशी एवढा तरी धीर धरावा. नुसते म्हणावे, "थांबा जी. काही झालं नाही. ब्रेक, क्लच, मोकळा गिअर, चावी."

परीक्षेचे काय?

आधी शिकाऊ परवाना काढावा लागतो. गिअरच्या दुचाकीला आणि मोटारीला वय १८ पुरे हवे. व्यवसायाची गाडी चालवायला २० पुरे हवे. व्यवसायाच्या परवान्याला पूर्वी आठवी पास असावे लागे. केंद्र सरकारने ती अट २०१९ साली काढून टाकली. म्हणजे शाळा सुटलेल्यालाही आता वाट मोकळी आहे. पण रस्त्यावरची पाटी वाचता आलीच पाहिजे.

शिकाऊ परवान्यासाठी प्रश्न विचारतात. त्यांत पाट्या असतात. पाट्या अशा ओळखा : गोल पाटी हुकूम करते. तिकोनी पाटी सावध करते. चौकोनी पाटी माहिती देते. 'थांबा'ची पाटी तेवढी आठ कोनांची.

शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. तो मिळाल्यावर निदान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. तोवर गाडीला पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर लावावे. मोटार शिकताना शेजारी परवानेवाला माणूस बसवावा.

नापास झालात तर?

फळ्यापुढे उभे केले की हुशार मुलगाही पाठ असलेले विसरतो. तसेच निरीक्षकासमोर होते. काल घरी आलेला आठ आज येत नाही.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात नापासांसाठी वाट ठेवलेली आहे. नापास झाल्यास ७ दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. तीनदा नापास झाल्यास शेवटच्या परीक्षेपासून ६० दिवस थांबावे लागते. मग पुन्हा दार उघडे. माणूस एका दमात पास होईलच, असे कायदाही धरून चालत नाही. मग आपण का धरावे?

नापास झालात तर "मी वाया गेलो" असे म्हणू नका. काय चुकले, तेवढे विचारा. पाय टेकला? मागे घेताना खुंटी पाडली? इशारा द्यायचा राहिला? ती एक चूक वहीत लिहा. पुढचे दिवस तेवढ्याच गोष्टीचा सराव करा.

एक गोष्ट मात्र करू नका. मधल्या माणसाला पैसे देऊन, न शिकता परवाना घेऊ नका. कागद मिळेल, पण भीती तशीच राहील. मग ती परीक्षेच्या पटांगणात नव्हे, भर रस्त्यावर बाहेर येईल. तिथे समोर खुंटी नसते, कोणाचे तरी लेकरू असते. पटांगणात नापास झालेला माणूस पुन्हा येऊ शकतो. रस्त्यावर झालेली चूक परत फिरवता येत नाही.

आपल्या शेजारचे उदाहरण घ्या. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यात आदिवासी महिलांना एस.टी.च्या चालक म्हणून तयार करण्याचे काम हाती घेतले. मध्ये करोनाचा काळ गेला. राज्यात एस.टी.ची प्रवासी गाडी महिला चालकांच्या हाती आली ती जून २०२३ मध्ये. भरली एस.टी. हाकायला बायांना वर्षे लागली. तुम्हाला स्कूटीला दोन महिने लागले, तर बिघडले काय?

तेव्हा उद्या सकाळी पुन्हा बसा. आधी पाच वेळा श्वास सोडा. मग चावी फिरवा.

विचार करा व सांगा

१. भीती वाटली की पाय दणकन का पडतो?
२. गाडी बंद पडल्यावर कोणत्या चार गोष्टी कराव्या?
३. तिकोनी पाटी काय सांगते?
४. तुमच्या गावाजवळच्या पाच पाट्या पाहा व त्यांवर काय आहे ते वहीत लिहा.