माझं गणित, माझा कॉम्प्युटर

मिक्सर घ्यायचा असला की आपण बायका दुकानदाराची अक्षरशः उलटतपासणी घेतो. मोटार किती वॉटची? ओल्या नारळाची चटणी बारीक होते का? झाकण घट्ट बसतं का? आपल्या घरात काय वाटलं जातं आणि किती, हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून प्रश्नही नेमके सुचतात. पण कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली की हीच चौकस बाई गप्प होते. ‘तू बघ रे, तुला त्यातलं कळतं,’ असं म्हणून मुलाच्या, भाच्याच्या नाहीतर नवऱ्याच्या हाती पैसे देऊन मोकळी!

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. मुलं मोठी झाल्यावर, पंचेचाळिशीत पीएच.डी.ला नाव घातलं. विषय पावसाचा. अतिवृष्टीचे दिवस देशात कुठे आणि किती बदलले, ते शोधायचं. भारतीय हवामान विभागाने देशाच्या नकाशावर पाव-पाव अंशाचे चौकोन आखून १९०१ पासूनचा रोजचा पाऊस मांडून ठेवला आहे. माहिती सोन्यासारखी, पण घरच्या लॅपटॉपला ती पचेना. रात्री गणित लावून झोपावं, तर पहाटे तो तापून मंदावलेला, नाहीतर रॅम संपली म्हणून गणित अर्ध्यावर बंद पडलेलं! मोठ्या संशोधन संस्थांमध्ये महासंगणक असतात. पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आहे. आमच्या कॉलेजात कुठून येणार? २०२४ साली माझ्या नोंदणीची मुदत संपायला जेमतेम दीड वर्ष उरलं होतं. महागाई भत्त्याची थकबाकी हातात आली होती. ‘त्यात सोफा बदलून होईल,’ असं घरात सगळ्यांचंच मत. मी म्हटलं, सोफ्यावर बसून प्रबंध पुरा व्हायचा नाही. मी सुटे भाग निवडून डेस्कटॉप जोडून घेणार.

आधी वही, मग दुकान

दुकानात जाण्याआधी वही घेऊन बसले. नकाशावरचे चौकोन १३५ गुणिले १२९, म्हणजे १७,४१५. समुद्रावरचे रिकामे चौकोनही यात आले, कारण फाइलमध्ये तेही जागा अडवतात. त्याला वर्षाच्या दिवसांनी आणि १२३ वर्षांनी गुणलं. झाले ७८ कोटी आकडे! एकेका आकड्याला आठ बाइट धरले, तर सहा जीबीहून थोडं अधिक. शिवाय माझ्या पद्धतीत एकच गणित चार वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू करायचं आणि चारही वाटा एकाच उत्तराशी पोचतात का, ते ताडून बघायचं, असं असतं. प्रत्येक वाटेला माहितीची स्वतंत्र प्रत लागते. म्हणजे २५ जीबी. मधली आकडेमोड आणि विंडोजचा स्वतःचा पसारा वेगळाच. आठ जीबीच्या लॅपटॉपने मान टाकली, यात त्याचा काय दोष? ३२ जीबीत ओढाताण झाली असती. ६४ जीबी ठरलं.

हा एक आकडा हाती आला आणि पुढची सगळी निवड सोपी झाली.

नळ दोनच

प्रोसेसरमध्ये हल्ली ‘कोअर’ मोजतात. एकेक कोअर म्हणजे काम करणारा एकेक हात. सोळा कोअरचा प्रोसेसर बघून मलाही मोह झाला. पण या वर्गातल्या डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये सहसा दोनच मार्ग असतात. चाळीत बायका सोळा आणि नळ दोन, तर काय होईल? माझं गणित सारखं रॅममधून आकडे उपसणारं, त्यामुळे निम्मे हात रांगेतच उभे राहिले असते. चार वाटा, प्रत्येकीला दोन कोअर, असे आठ पुरे! एएमडीचा रायझन ७ ७७०० घेतला. त्यातच पडद्यापुरतं ग्राफिक्स असतं, वेगळं कार्ड लागत नाही. वाचलेले पैसे रॅमला दिले. रॅमसुद्धा १६ च्या चार पट्ट्या न घेता ३२ च्या दोन. डीडीआर५ जातीच्या चार पट्ट्या एकदम बसवल्या, की बहुतेक मदरबोर्डांवर त्यांचा वेग उतरतो. शिवाय दोन खाचा मोकळ्या राहतात, त्या अडीअडचणीला.

‘मुलगा गेम खेळतो का?’

एका शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोड गाठला. पहिल्या दुकानात पहिलाच प्रश्न, ‘मॅडम, मुलगा गेम खेळतो का?’ मी म्हटलं, ‘मुलगा नाही, मीच खेळते. पावसाशी.’ त्याने रंगीत दिवे चमकणारं महागडं ग्राफिक्स कार्ड पुढे केलं. ‘कॅल्क्युलेशनला हेच लागतं.’ मी विचारलं, ‘डबल प्रिसिजनमध्ये याचा वेग किती?’ तो बघतच राहिला.

मैत्रिणींनो, ही मेख लक्षात ठेवण्यासारखी आहे. साध्या अचूकतेत आकडा साधारण सात अंकांपर्यंत खरा राहतो, डबल प्रिसिजनमध्ये पंधरा-सोळा अंकांपर्यंत. कोट्यवधी बेरजा करताना बारीक चुका साठत जातात, म्हणून माझ्या कामाला दुसरीच हवी. आणि एनव्हिडियाच्या गेमिंगच्या अलीकडच्या कार्डांवर तिचा वेग साध्या अचूकतेच्या चौसष्टाव्या भागाइतकाच असतो. तुमचं काम चित्रांचं, व्हिडिओचं किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचं असेल, तर गोष्ट उलटी. तिथे आधी कार्ड बघा, मग बाकीचं. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, ते असं.

पुढच्या दुकानातले काका जुने, मुरलेले. मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. त्यात माझ्याच गणिताची छोटी आवृत्ती घालून नेली होती. ‘तुमच्या मशीनवर हे चालवून दाखवा.’ लॅपटॉपवर त्याला चाळीस मिनिटं लागायची, त्यांच्याकडे अकरा मिनिटांत झालं. तोवर चहा आला, गप्पा झाल्या, आणि ‘मॅडम’च्या जागी ‘प्रोफेसर मॅडम’ सुरू झालं.

न दिसणारे भाग

एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, नावाजलेल्या कंपनीचा घेतला. रात्र रात्र चालणाऱ्या मशीनला तोच सांभाळतो. कॅबिनेट काचेचं नको, पुढे जाळी असलेलं हवं. ठाण्याचा मे महिना आपल्याला सोसत नाही, त्याला कसा सोसेल? टेबलाच्या लाकडी कप्प्यात ते कोंबू नका. वीज जाते, म्हणून शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घेतला. हिशेब दर तासाला डिस्कवर साठवायची सोयही प्रोग्राममध्ये करून ठेवली. घरी आणल्यावर पहिली रात्र फक्त रॅमची तपासणी चालवली. रॅममध्ये दोष असेल तर मशीन बंद पडतंच असं नाही, ते मुकाट चुकीचं उत्तर देतं. ते जास्त वाईट.

यूपीएससकट एक लाख दहा हजार झाले. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हा हा आकडा धरून बसू नका. रीत मात्र तीच राहील. वीज म्हणाल, तर जोरात चालताना दीडशे वॉट, म्हणजे चोवीस तासांना साडेतीन युनिटांच्या आसपास. प्रबंधाची शेवटची तीन प्रकरणं याच मशीनवर झाली, आणि मुदतीत झाली.

पैसे मोजल्यावर काकांनी बिलबुक ओढलं आणि सवयीने विचारलं, ‘नाव साहेबांचं घालू ना?’

‘नाही,’ मी म्हटलं, ‘माझं घाला. आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबरही लिहा. वॉरंटीसाठी मीच येणार आहे.’