फर्मा, बुश आणि एक सूत

इंदूरच्या लालबाग राजवाड्याचं काम 1886 मध्ये सुरू झालं आणि 1921 मध्ये संपलं. दुसरे तुकोजीराव, शिवाजीराव आणि तिसरे तुकोजीराव अशा तीन होळकरांचा काळ त्यात गेला. बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवरचं फाटक आणि नृत्यगृहातली स्प्रिंगवर तोललेली लाकडी जमीन यांची चर्चा नेहमीच होते. सुताराची नजर मात्र दुसरीकडे जाते. युरोपीय धाटणीच्या या सजावटीत एकच वळण, एकच कंगोरा, एकच चौकट पुन्हा पुन्हा येते, आणि पहिली व शेवटची यांत फरक दिसला की सगळी शोभा गेली. अशा कामाला फर्मा, म्हणजे आकार उतरवायचा नमुना, लागतो. फिरत्या पात्यानं लाकडात खाचा आणि कंगोरे पाडणारं, हातात धरायचं विजेचं राउटर अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातल्या कार्टर कंपनीनं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाजारात आणलं आणि 1929 मध्ये स्टॅनली कंपनीनं तो धंदा विकत घेतला. म्हणजे आपल्याकडचा सुतार त्या काळात फर्म्यावरून रेघ मारून पुढचं काम करवत, पटाशी आणि कानस यांच्यावरच सोपवत होता. आज रेघेची गरज उरलेली नाही, कारण राउटर स्वतःच फर्म्याच्या कडेला घासत चालतं. ही घासण्याची जबाबदारी ज्या छोट्याशा धातूच्या नळीवर असते, ती म्हणजे गाईड बुश. राउटरच्या तळाला ती बसते, तिच्या मधून कापणारं पातं, म्हणजे बिट, फिरतं आणि तिची बाहेरची भिंत फर्म्याला टेकते.

माझं म्हणणं एवढंच आहे की या वस्तूची खरेदी आपल्याकडे उलट्या टोकानं होते. आधी राउटर, मग त्याला बसेल तो बुशचा संच, मग संचातल्या बुशला चालेल ते बिट, आणि शेवटी त्या सगळ्याला जुळवून घेणारा फर्मा. क्रम नेमका याच्या उलट हवा. कारण बुशचा बाहेरचा व्यास बिटपेक्षा मोठा असतो, त्यामुळे फर्म्याची कड आणि लाकडातला काप यांत कायम अंतर राहतं. बुशच्या बाहेरच्या व्यासातून बिटचा व्यास वजा करायचा आणि निम्मा करायचा, की ते अंतर मिळतं. हा आकडा आधी ठरला नाही, तर प्रत्येक फर्मा करताना अपूर्णांकांशी झटापट करावी लागते, आणि फर्मा चुकला की त्यावरून काढलेला प्रत्येक नग चुकतो.

इथे आपल्या सुतारांच्या जुन्या मापाचा चक्क फायदा होतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. पाच सुताचा बुश आणि तीन सुताचं बिट घेतलं, की फरक दोन सूत, निम्मा एक सूत. चार इंची बिजागरीची खाच दारात पाडायची आहे असं धरू. फर्म्यातलं भोक लांबीला चार इंच अधिक दोन सूत, म्हणजे सव्वाचार इंच. रुंदीला मात्र एकच सूत वाढवायचं, कारण एक बाजू दाराच्या कडेला उघडी असते. हा हिशोब कागदाशिवाय होतो. तेच 17 मिलिमीटरचा बुश आणि 12 चं बिट घेतलं तर अंतर अडीच मिलिमीटर येतं. तेही चालतं, फक्त सगळी मापं मिलिमीटरमध्येच ठेवायची. अर्धं सूत आणि अर्धं मिलिमीटर असा संसार एका फर्म्यावर मांडला की गोंधळ ठरलेलाच. खाचेचे कोपरे बिटच्या निम्म्या व्यासाइतके गोल राहतात, ते पटाशीनं चौकोनी करून घ्यावे लागतात. बुश बदलून तो गोलावा जात नाही.

आता बाजार. इंदूरला सियागंज, मुंबईत नागदेवी, पुण्यात रविवार पेठ, कुठेही विचारा, समोर साधारण तीन तऱ्हेचे बुश येतात. पहिले अमेरिकन पोर्टर-केबल धाटणीचे पितळी, दोन भागांचे: खालून नळी घालायची आणि वरून आट्यांचा नट आवळायचा. यांना तळपट्टीत 1 3/16 इंचाचं, म्हणजे 30 मिलिमीटरहून किंचित मोठं भोक लागतं, आणि कॉलर बसायला 1 3/8 इंचाची खोबण. दुसरे राउटर बनवणाऱ्यांचे स्वतःचे. मकिताच्या ट्रिमरमध्ये, म्हणजे छोट्या राउटरमध्ये, बुश तळाच्या प्लास्टिक पट्टीखाली दाबून बसतो, तर बॉशच्या काही मोठ्या यंत्रांना खटक्यानं अडकतो. हे एकमेकांच्या यंत्रांना सहसा बसत नाहीत. तिसरे बिननावाच्या ट्रिमरसोबत पिशवीत मिळणारे पत्र्याचे. पहिल्या तऱ्हेचा मोठा फायदा असा की उद्या राउटर बदललं तरी तळपट्टी नवी करून घेता येते, बुश तेच राहतात. कामाचा पसारा वाढवायचा असेल त्यानं याच धाटणीत पैसे घालावेत असं मला वाटतं. एकच ट्रिमर घेऊन बिजागऱ्या आणि कुलपं बसवत फिरणाऱ्याला मात्र कंपनीचा एक बुश पुरतो.

दुकानदार दहा नगांचा संच पुढे करतो आणि सुट्या दोन नगांच्या किमतीत तो स्वस्तही वाटतो. पण संचातले निम्मे बुश ज्या बिटांसाठी असतात ती बिटं आपल्याकडे नसतात. शिवाय बुशचा आतला व्यास बिटपेक्षा बराच मोठा लागतो. दोन्ही बाजूंनी दीडेक मिलिमीटर तरी मोकळी जागा नसेल तर भुसा अडकतो, तापतो आणि बिटची धार जळते. जडणकामाचा संच मात्र याला अपवाद, कारण तिथे दोन बुशांचं नातं ठरलेलं असतं. खाच पाडताना लागणारा मोठा व्यास हा तुकडा कापताना लागणाऱ्या लहान व्यासापेक्षा बरोबर बिटच्या दुपटीनं मोठा हवा. एक सुताचं बिट आणि अडीच सुताचा बुश असेल, तर मोठ्या व्यासासाठी त्याच बुशवर चढवायची कडी साडेचार सुताची. ही जोडी जमली की एकाच फर्म्यावरून काढलेला तुकडा खाचेत गच्च बसतो.

धातूवरून वाद फार होतो: पितळ की पोलाद? पितळ मऊ असतं, चुकून बिट टेकलं तर बिट वाचतं, बुश जातो. पोलादाची भिंत पातळ ठेवता येते. पण यापेक्षा मोठा प्रश्न मध्याचा आहे. बुशचा मध्य आणि बिटचा मध्य यांत अर्धा मिलिमीटर फरक असेल आणि राउटर फर्म्याभोवती फिरवताना हातात वळत गेलं, तर एकाच खाचेत एका बाजूला अर्धा मिलिमीटर जास्त आणि दुसरीकडे तेवढंच कमी कापलं जातं. मूठ शेवटपर्यंत एकाच दिशेला धरली तर आकार बरोबर येतो, फक्त तेवढा सरकतो. जुने कारागीर मूठ न वळवता चालतात त्यामागे हेच कारण असावं. खरेदीच्या वेळी कोलेटमध्ये, म्हणजे बिटचा दांडा पकडणाऱ्या चिमट्यात, बसणारा मध्य साधायचा शंकू मागावा. तळपट्टीचे स्क्रू सैल करायचे, शंकू बुशमध्ये उतरवायचा आणि मग आवळायचं. ही सोय नसलेलं यंत्र कितीही नामांकित असो, फर्म्याच्या कामाला कमीच.

यावर एक आक्षेप हमखास येतो. बेअरिंगचं बिट घेतलं की अंतराचा हिशोबच नको, फर्मा आणि नग एकाच मापाचे. सपाट कड छाटायला ते उत्तमच, सनमायका छाटणारा कुणीही दुसरं वापरणार नाही. पण खोल खाच टप्प्याटप्प्यानं उतरवायची असेल तेव्हा वरच्या बेअरिंगला पहिल्या फेरीतच फर्मा सापडायला हवा, त्यासाठी फर्मा जाड किंवा बिट आखूड लागतं. बेअरिंग भुशानं जाम झालं की फर्म्यालाच चरा पाडतं. बुशमधून साधं, स्वस्त, सरळ बिट चालतं आणि पहिली फेरी दोन मिलिमीटरची घेतली तरी चालतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र दारोदार पोचलं असताना फर्मे कोण करत बसणार? कारखान्यातल्या दारांच्या बाबतीत हे कबूलच करावं लागतं. कोरीव पल्ल्यांचं काम सीएनसीकडे गेलं आणि परत येणार नाही. पण चौकट भिंतीत बसल्यानंतर, तिसऱ्या मजल्यावर, थोड्याशा वाकलेल्या खांबावर बिजागरीची खाच पाडायला ते यंत्र जिना चढत नाही. उलट सीएनसीवर कापून घेतलेला 12 मिलिमीटरचा एमडीएफचा फर्मा आणि हातातला राउटर ही जोडी मला सर्वात शहाणी वाटते. अचूकपणा कारखान्यातून आणायचा आणि जागेवर वापरायचा.

फर्म्याच्या जाडीचा मुद्दा मुद्दाम सांगायला हवा, कारण तो पाकिटावर छापलेला नसतो. बुशची नळी फर्म्यापेक्षा लांब असेल तर राउटर फर्म्यावर न टेकता नळीच्या टोकावर डुगडुगतं. सहा मिलिमीटरच्या प्लायचा फर्मा असेल तर नळी पाच मिलिमीटरवर कापून घ्यावी. पितळ हॅकसॉनं सहज कापलं जातं आणि कानसीनं कड मारता येते. कोलेटचंही तसंच. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, सहा नव्हे. सहाच्या कोलेटमध्ये पाव इंची दांडा शिरत नाही, हे निदान लगेच कळतं. पाव इंची कोलेटमध्ये सहाचा दांडा शिरतो आणि आवळल्यासारखा वाटतो, पण मिनिटाला तीस हजार फेरे घेणाऱ्या ट्रिमरमध्ये तो निसटला तर आधी बुशवर आदळतो. म्हणून व्हर्नियर सोबत न्यावं, बुशचा बाहेरचा व्यास दोन-तीन दिशांनी मोजावा, नट आवळून बघावा आणि बिट हातानं फिरवून चारी बाजूंची फट सारखी आहे का ते दुकानातच पाहावं.