फूड लायसन कुणाला आणि हिरवा त्रिकोण कशाचा?

मेथीची जुडी पिकवायलाही आता फूड लायसन लागणार, अशी चर्चा पारावर अधूनमधून रंगते. तसं काही नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 सालचा आहे. त्याच्या कलम 18 मध्येच शेतकरी, शेतीची कामं आणि शेताच्या पातळीवर निघणारं पीक यांना कायद्यातून वगळलं आहे.

म्हणजे शेतकऱ्याला सगळंच माफ, हा याच्या उलट टोकाचा गैरसमज. हळकुंडं विकली तोवर तुम्ही शेतकरी. ती दळून, पाकिटात भरून, वर लेबल चिकटवलं की अन्न व्यावसायिक. गुऱ्हाळ, पापड, लोणचं, आंबापोळी, सगळ्याला हेच लागू. मात्र लहान उद्योगाला परवाना नको, नुसती नोंदणी पुरते. 2011 च्या नियमावलीत त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा 12 लाख रुपये आणि फी वर्षाला 100 रुपये ठेवली होती. हे आकडे सरकार बदलू शकतं, म्हणून अर्जाआधी नोंदणीच्या ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर खात्री करावी. अर्जही तिथेच भरता येतो, तरी शंभराच्या कामासाठी एजंट मागेल ती रक्कम मोजणारे बचत गट आहेतच. दुधाचं वेगळं: सहकारी दूध संस्थेचा सभासद सगळं दूध संस्थेलाच घालत असेल, तर त्याला नोंदणीचीही गरज नाही.

खरा घोळ कागदांत नाही, फवारणीत आहे. ‘बाटलीवर हिरवा त्रिकोण आहे, म्हणजे औषध निर्धोक, मारा आज, तोडा उद्या,’ हे कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरही ऐकू येतं. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग औषध पोटात किंवा अंगावर गेलं तर किती विषारी, एवढंच सांगतात. टोमॅटोत त्याचा अंश किती दिवस राहील, याचा त्या रंगाशी संबंध नाही. त्यासाठी माहितीपत्रकातला काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाहायचा. द्राक्ष बागायतदार त्याला पीएचआय म्हणतात. एकच औषध एका पिकावर तीन दिवसांत निवळेल, दुसऱ्यावर कितीतरी जास्त घेईल. शिवाय ते त्या पिकासाठी शिफारस केलेलं, म्हणजे ‘लेबल क्लेम’ असलेलं हवं. ज्या औषधाच्या अंशाची मर्यादा ठरवलेलीच नाही, त्याला युरोपात सर्वसाधारणपणे किलोला 0.01 मिलिग्रॅम एवढीच सूट असते.

2010 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले, ते क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. बागायतदारांच्या भाषेत सीसीसी. ते कीडनाशकही नव्हे, वाढ रोखणारं संजीवक. ‘हे काही विष नाही’ हा दिलासा फार महागात पडला.

भाजी धुतली की औषध जातं, हेही अर्धंच खरं. वरवर चिकटलेलं बरंचसं निघतं. आंतरप्रवाही औषध पानाफळाच्या आत मुरलेलं असतं, त्याला नळाचं पाणी काय करणार? आणि धुण्याचं पाणीच विहिरीकाठच्या उकिरड्याचा पाझर घेऊन येत असेल, तर न धुतलेली भाजी बरी.

आंब्याबाबत तर गैरसमज दोन्हीकडून. काही गिऱ्हाइकांना पिकवलेला प्रत्येक आंबा विषारी वाटतो, तर काही बागायतदारांना चिमूटभर कार्बाइड चालेल असं वाटतं. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर पूर्ण बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूला मात्र 100 पीपीएमपर्यंत परवानगी आहे. पेंढ्यातली आढी तर कधीच गुन्हा नव्हती.

शेतकरी कायद्याबाहेर असला, तरी त्याचा माल विकणारा बाहेर नाही. नमुन्यात जादा अंश सापडला तर अन्न व औषध प्रशासनाची नोटीस व्यापाऱ्याला जाते, आणि पुढच्या तोडीला तो फिरकत नाही. तेव्हा एक साधी वही घाला: कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला मारलं, तोडणी कधी केली. व्यापाऱ्याने विचारलं तर दाखवायला हाताशी हवी.