धंद्याची खरी नोंद : विम्याचा पाया

शेतीला पूरक धंदा काढला म्हणजे घरात चार पैसे अधिक येतात, हे खरे. परंतु भट्टी, यंत्रे आणि साठविलेला माल यांच्या पाठोपाठ जोखीमही येते. धाराशिव जिल्ह्यात भूम तालुक्यातील कुंथलगिरीचा खवा प्रसिद्ध आहे. त्याखेरीज डाळगिरण्या व सोयाबीनची गोदामेही गावोगावी उभी राहत आहेत. अशा धंद्यांनी आगीचा विमा उतरविणे शहाणपणाचे होय. मात्र विम्याच्या अर्जात धंदा कोणता, हे अचूक लिहिले नाही, तर भरलेला हप्ता वाया जाण्याचा संभव असतो.

विमा म्हणजे अनेकांनी थोडे थोडे भरून एकाचे नुकसान सोसणे. कोणी किती भरावे, हे त्याच्या धंद्याच्या जोखमीवरून ठरते. खवा विकण्याचे दुकान व खवा तयार करण्याची भट्टी ही दोन्ही एकाच मालाची असली, तरी त्यांची जोखीम एक नव्हे. भट्टीत दिवसभर जाळ चालतो, शेजारीच सरपण रचलेले असते. दुकानात तसे काही नसते.

समजा, एका भट्टीचालकाने हप्ता कमी पडावा म्हणून अर्जात केवळ ‘किराणा दुकान’ असे लिहिले. पुढे आग लागली आणि पाहणीस आलेल्या सर्वेक्षकास कढया, भट्टी व सरपण दिसले. महत्त्वाची माहिती दडविली, या कारणास्तव दावा नाकारला जाऊ शकतो किंवा भरपाई कमी होऊ शकते. वाचविलेले थोडेसे पैसे अशा वेळी फार महागात पडतात. याउलट, केवळ धान्य साठविणाऱ्याची नोंद चुकून कारखाना म्हणून झाली, तर तो विनाकारण जादा हप्ता भरीत राहतो.

पीक विम्यात ही गोष्ट शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. अर्जातील पीक व ई-पीक पाहणीतील पीक यांचा मेळ बसावा लागतो. धंद्याच्या विम्यातही कागद आणि वस्तुस्थिती यांचा असाच मेळ हवा.

१ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांकरिता ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. एका ठिकाणच्या विमायोग्य मालमत्तेचे एकूण मूल्य ५ कोटी रुपयांपर्यंत असल्यास ती घेता येते. उद्यम नोंदणीत धंद्याचा प्रकार राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या क्रमांकाने दाखविला जातो. या वर्गीकरणात खवा तयार करणे दुग्धपदार्थांच्या निर्मितीत मोडते, तर त्याची नुसती विक्री किरकोळ व्यापारात मोडते. उद्यम नोंदणी, अन्न परवाना व विम्याचा अर्ज या तिन्हींत धंद्याचे वर्णन सारखे असावे.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. अर्ज स्वतः वाचावा किंवा वाचून घ्यावा. कोऱ्या अर्जावर सही करू नये.

२. एकाच छपराखाली भट्टी, दुकान व राहते घर असल्यास तिन्हींचा स्पष्ट उल्लेख करावा.

३. मध्येच नवे यंत्र बसविले किंवा धंदा बदलला, तर विमा कंपनीस लेखी कळवून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी.

४. शीतपेटीतील माल वीज गेल्याने नासल्यास भरपाई मिळेल काय, हे आधीच विचारावे. त्याकरिता बहुधा वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

५. अर्जाची व पॉलिसीची प्रत जपून ठेवावी.

एवढे करूनही दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तेथे समाधान न झाल्यास एकल मालकीच्या धंद्यांना व सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे दाद मागता येते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नव्या उद्योजकांना कर्ज व अनुदानाची माहिती देतानाच विम्याचा अर्जही सोबत बसून तपासावा. धंद्याचे खरे वर्णन लिहिण्यास एकच ओळ लागते. परंतु संकटाच्या दिवशी संसार सावरण्याचा आधार त्याच ओळीवर असतो.