तीन किलोंच्या जिवाचा हिशेब

शारजातल्या एका मराठी घरातली संध्याकाळ. तीन किलोंचा पोमेरेनियन वाटी हुंगतो, मान फिरवतो आणि सोफ्याखाली जाऊन बसतो. पुण्याहून आलेल्या आजींचा जीव तुटतो. "अगं, लेकरू सकाळपासून उपाशी आहे!" म्हणत त्या चीजचा तुकडा पुढे करतात. तो मात्र क्षणात फस्त! मग 'याचे खाण्याचे फार नखरे' असं ठरून जातं. पण खरंच तो उपाशी असतो का?

प्राण्याचं वजन दुप्पट झालं म्हणून त्याची ऊर्जेची गरज दुप्पट होत नाही, हे मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवलं. त्याच तत्त्वावर पशुवैद्यक आजही हिशेब मांडतात: किलोंमधल्या वजनाचा ०.७५ वा घात गुणिले ७०. तीन किलोंच्या कुत्र्यासाठी हे उत्तर १६० किलोकॅलरी येतं. ही झाली नुसतं पडून राहण्याची गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी ती साधारण १.६ पट धरतात, म्हणजे दिवसाला सुमारे २५५. कोरड्या डॉगफूडमध्ये हे सगळं ६५-७० ग्रॅमांत भागतं. वीस ग्रॅमच्या एका चीज क्यूबमध्येच साठेक किलोकॅलरी असतात. असे दोन क्यूब आणि वर तूप लावलेली अर्धी पोळी पोटात गेली, की वाटीतलं उरणारच.

अमिरातीतला उन्हाळा यात भर घालतो. पारा ४५ अंशांवर गेला की डांबरावर पंजे भाजतात. फिरणं पहाटेपुरतं उरतं, बाकी दिवस एसीत लोळण्यात जातो. हालचाल घटली की भूकही मंदावते.

कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १,७०० रुचिकलिका असतात, माणसाच्या नऊ हजारांच्या आसपास. त्याची खरी पारख नाकाची. फ्रिजमधल्या गार अन्नाला वास कमी येतो. तेच कोमट करून दिलं की वाटीभोवती घुटमळणं सुरू होतं. मात्र चव यावी म्हणून आपल्या आमटीचा रस्सा घालू नये. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात.

भात-पोळी मात्र कुत्र्याला पचते. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, कुत्र्यात ४ ते ३०, असं स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांना २०१३ मध्ये आढळलं. माणसाच्या घरातलं उष्टं-खरकटं खात झालेल्या उत्क्रांतीचीच ही खूण. तरी नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम फार कमी पडतं. घरचं जेवण द्यायचं असेल तर त्याचा आराखडा पशुवैद्यकाकडूनच घ्यावा.

एक शंका मात्र आधी फेडून घ्यावी. जर्मन शेफर्डच्या जबड्यात ४२ दात, पोमेरेनियनच्या चिमुकल्या जबड्यातही तेवढेच. या दाटीत किटण साचतं, हिरड्या दुखतात आणि दुखणाऱ्या तोंडालाही आपण नखरे म्हणतो. नेहमी खाणारा कुत्रा दिवसभर तोंड लावत नसेल, तर दवाखाना गाठावा. छोट्या जातींच्या पिल्लांना तर उपाशी ठेवूच नये. त्यांच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते.

तब्येत ठीक असलेल्या प्रौढ कुत्र्याला वेळ ठरवून जेवण द्यावं आणि वीस मिनिटांनी वाटी उचलावी. नवं खाद्य जुन्यात मिसळत आठवडाभरात बदलावं. वरखाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवावा. आजींनाही हातचं काही भरवायचं असतंच. त्यांच्यासाठी सकाळी मोजलेल्या सत्तर ग्रॅमांतले दहा दाणे वेगळे काढून ठेवावेत. माया तेवढीच पोचते आणि हिशेबही जुळतो.