आडवी बाटली आणि मतदार यादी

दारूचं दुकान बंद करायचं म्हटलं की आधी मोर्चा आठवतो. पण आपल्या राज्यात हे दुकान मतदानाने बंद होतं, आणि बाई गावच्या कारभारात शिरते ती तिथूनच.

गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की सह्यांची तपासणी होते, मग गुप्त मतदान. चिन्हं दोन, उभी बाटली आणि आडवी बाटली. खरी मेख पुढे आहे. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीत जेवढ्या बाया आहेत, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. समजा यादीत 600 नावं आहेत. 400 जणी आल्या, 290 जणींनी आडवी बाटली निवडली, तरी दुकान चालूच! 301 हव्या होत्या.

म्हणजे घरी बसलेली बाई उभ्या बाटलीच्याच बाजूला मोजली जाते. लग्न होऊन सासरी गेलेली लेकसुद्धा, यादीत नाव राहिलं तर. वारलेल्या आजीचंही तेच. म्हणून बाया यादी घेऊन दारोदार फिरतात. कुणाचं नाव कमी करायला फॉर्म 7, सुनेचं नाव माहेराहून इकडे आणायला फॉर्म 8, हे त्यांना पाठ होतं. बीएलओ कोण, तहसील कचेरीत कोणत्या टेबलाशी जायचं, पोच कशी मागायची, हेही कळतं. हे कुठल्या भाषणातून येत नाही बरं का.

आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावी साक्षरता वर्गात शिकणाऱ्या बायांनी पुस्तकातला दारूवरचा धडा वाचला आणि गावातलं दुकान बंद पाडलं. 1992 मध्ये ते लोण जिल्हाभर पसरलं, बायांनी दारूचे लिलाव अडवले. 1993 मध्ये तिथल्या सरकारने गावठी दारूवर बंदी घातली, 1995 मध्ये सगळ्याच दारूवर. ती पूर्ण बंदी 1997 मध्ये उठलीही. पण त्याच बायांनी नेल्लोरमध्ये रोज एक रुपया टाकून बचत गट उभे केले होते, ते बंदीबरोबर गेले नाहीत.

मात्र सगळीकडे असं होत नाही. एकच ताई कचेरीत जाते, बाकीच्या घोषणा देऊन घरी परततात, तिथे शिकते ती एकटी ताईच. अर्ज नेताना दरवेळी दोन नव्या बाया सोबत न्या. आपल्याकडे ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. पुढची कधी आहे, हे त्याच दोघींनी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारावं.