स्टेडियमखालचे आरसे

टूसॉनमधल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये बाहेरून पाहिलं तर काही वेगळेपण जाणवत नाही. पण पूर्वेकडच्या बैठकांखाली एक भट्टी आहे आणि ती स्वतःभोवती फिरते. रिचर्ड कॅरिस मिरर लॅब ती हीच. दुर्बिणींसाठीचे जगातले सर्वांत मोठे एकसंध आरसे, ८.४ मीटर व्यासाचे, इथे ओतले जातात. चिलीतल्या लास कॅम्पानासला उभ्या राहणाऱ्या जायंट मॅगेलन दुर्बिणीला असे सात आरसे लागतात. पुण्यात एकेकाळी सहा इंची आरसा हाताने घासलेला माणूस टूसॉनला जाऊन ही जागा न बघता परत येणं शक्यच नव्हतं.

भट्टी त्या दिवशी थंड होती. ती पेटण्याआधीच सर्वांत किचकट काम होऊन गेलेलं असतं: तळाशी सिरॅमिक तंतूंचे १,६८१ षटकोनी ठोकळे एकेक करून बसवायचे, दोन ठोकळ्यांमध्ये बोटभर फट ठेवायची. मधले ठोकळे बुटके, कडेचे उंच. ते काचेपेक्षा हलके असल्यामुळे वितळलेल्या काचेत तरंगून वर येतील, म्हणून प्रत्येक ठोकळा तळाला बोल्टने आवळून टाकतात. मग जपानच्या ओहारा कंपनीची बोरोसिलिकेट काच येते. ती ओतायची नसते, रचायची असते. साधारण चार-पाच किलोचा एकेक तुकडा हातमोजे घालून तपासायचा आणि ठोकळ्यांवर ठेवायचा. असे साडेसतरा टन! एवढ्या अवाढव्य यंत्रशाळेत हे काम माणसाच्या हातानेच होतं, याचं मला फार बरं वाटलं.

११६५ अंश सेल्सियसला काच वितळते आणि फटींत उतरते. त्याच वेळी सगळी भट्टी मिनिटाला पाचेक फेऱ्या घेत असते. फिरणाऱ्या द्रवाचा पृष्ठभाग आपसूक पॅराबोला होतो आणि तो किती खोल होणार हे वेगावर ठरतं. पाच फेऱ्यांना नाभीय अंतर सुमारे १८ मीटर येतं. जायंट मॅगेलनला नेमकं तेवढंच हवं आहे. भट्टी स्थिर ठेवली तर काच सपाट गोठेल आणि नंतर कित्येक टन काच खरवडून फेकावी लागेल. मग तीन महिने फक्त थांबायचं. काच घाईने निवली तर आत ताण राहतात, आणि ताण राहिलेल्या काचेचा भरवसा नाही.

निवल्यावर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ठोकळे धुऊन काढतात. उरतो आतून पोकळ, षटकोनी खणांचा आरसा. समोरची काच जेमतेम इंचभर जाडीची. भरीव आरशाच्या मानाने वजन पाचव्या हिश्श्यावर येतं. शिवाय खणांतून हवा खेळवता येते, त्यामुळे रात्री बाहेरची हवा गार झाली की काचही लगेच गार होते. ही सारी कल्पना रॉजर एंजल यांची. त्यांनी पहिला प्रयोग घराच्या परसात, छोट्या भट्टीत पायरेक्सच्या वाट्या एकमेकींना वितळवून चिकटवून केला होता.

इथपर्यंत सगळं बघायला देखणं. घासकाम मात्र कंटाळवाणं, आणि मला तेच बघायचं होतं. आरसा सावकाश फिरतो, त्यावर लॅप, म्हणजे घासायचं हत्यार, फिरतो, मधे पॉलिशचा पांढरट लगदा. पॅराबोलाची वक्रता जागोजाग बदलते, म्हणून ताठ हत्यार एका ठिकाणी बसेल तर दुसऱ्या ठिकाणी बसणार नाही. माझ्या सहा इंची आरशात हा फरक इतका नगण्य होता की लॅपवरचं पिच, म्हणजे डांबरासारखा थर, स्वतःच थोडं दबून सांभाळून घ्यायचं. इथे सव्वा मीटरचा लॅप सरकता सरकता संगणकाच्या हुकमाने वाकतो. त्यातून सातांपैकी सहा आरसे कडेचे: एका प्रचंड वाडग्याच्या काठाचे तुकडे असल्यामुळे एका बाजूला वेगळे, दुसऱ्या बाजूला वेगळे. हा फरक १४ मिलिमीटरपर्यंत जातो.

आणि चूक चालते किती? २० नॅनोमीटरच्या आसपास. आरसा मुंबईपासून गोंदियापर्यंत पसरलेला असता, तर त्यावरचा उंचवटा दोनेक मिलिमीटरचा!

इतकं बारीक घासायला यंत्र मिळतं. पण कुठे घासायचं हे सांगणार कोण? सहा इंची आरसा आकार तपासणाऱ्या फूको चाचणीवर लावून काचेला अंगठा क्षणभर टेकवून पाहा. बोटाच्या उबेने काच फुगते आणि सुरीच्या पात्यामागून बघताना तिथे चक्क टेकडी उभी राहते. ती विरेपर्यंत मुकाट बसायचं. म्हणून हाताने आरसा करणारे घासतात थोडा वेळ आणि वाट बघतात फार. टूसॉनमध्येही पॉलिश आणि मोजणी आलटून पालटून चालतात. आरसा २८ मीटर उंच मनोऱ्याखाली न्यायचा, वरून त्यावर प्रकाश टाकायचा, परत आलेला वाचायचा. मनोऱ्यात प्रकाश वळवणारा पावणेचार मीटरचा आणखी एक आरसा आहे, तोही इथलाच. मनोऱ्याला इमारतीचे हादरे लागू नयेत म्हणून तो हवेच्या उशांवर तोललेला. स्टेडियमखाली राहायचं म्हणजे एवढं करावंच लागतं.

हबलची आठवण इथे येतेच. त्या दुर्बिणीचा आरसा अप्रतिम गुळगुळीत होता, फक्त आकार चुकीचा: कडेला दोनेक मायक्रॉन जास्त घासलेला. चाचणीच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी होतं आणि कारागिरांनी त्या चुकीच्या मापाप्रमाणे अगदी चोख काम केलं. साध्या उपकरणांनी गडबड दाखवली होती. तीच कमी अचूक म्हणून बाजूला ठेवली गेली. १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेल्यावर सगळं बाहेर आलं. मला यात कारागिरीचा दोष दिसत नाही, एकाच मापावर विसंबल्याचा दिसतो. जायंट मॅगेलनचा आरसा म्हणून वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या चाचण्यांतून जातो. एक लेझरने बिंदूबिंदूचं अंतर घेते, दुसरी पंचकोनी प्रिझमने उतार तपासते. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत आरसा सुटत नाही. पहिला २००५ साली ओतला आणि २०१२ मध्ये पुरा झाला. सात वर्षं ऐकून माझ्याबरोबरचे पाहुणे हळहळले. मला उलट ती कमीच वाटली.

एवढं होऊनही तो आरसा नसतोच, नुसती पारदर्शक काच असते. चकाकी येते ती वर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या थराने, आणि तो असतो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका जाड. मी कागदावर हिशेब मांडला: एका आरशाला सुमारे पंधरा ग्रॅम धातू. सोळा-सतरा टन काच आहे ती हे पंधरा ग्रॅम जागच्या जागी धरून ठेवायला! हा थर टूसॉनमध्ये देत नाहीत, डोंगरावरच द्यायचा असतो, कारण तो धुळीने आणि हवेने खराब होतो आणि ठरावीक काळाने उतरवून नव्याने चढवावा लागतो. खालच्या काचेला मात्र पुन्हा लॅप लागत नाही. सातवा आरसा ऑक्टोबर २०२३ मध्ये भट्टीत गेला. त्यापुढे त्याचंही घासणं आणि मोजणं आलंच.